हेडसेट, मोडलेल्या बरगड्या आणि कंट्रोल ग्रुप

छातीला मार लागलेल्या रुग्णांना व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीने व्यायाम द्यायचे, हा विषय प्रबंधासाठी कुणालाही आवडेल. हेडसेट लावला, समोर फुगे फोडायचा खेळ आला, की त्या नादात रुग्ण हात उचलतो, लांब श्वास घेतो. कल्पना चांगलीच आहे. आक्षेप आहे तो ती तपासण्याच्या पद्धतीवर.

आधी मूळ अडचण बघा. बरगडी मोडली की श्वास घेताना दुखतं, म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ साचतो, फुफ्फुसाचा काही भाग मिटतो, न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हाताऱ्या माणसाच्या हे जिवावर बेतू शकतं. म्हणजे ‘व्यायाम आवडला का?’ यापेक्षा ‘खोकून कफ निघाला का?’ हा प्रश्न मोठा.

आता तुलना कशाशी? समजा, एका गटाला अर्धा तास फिजिओथेरपी दिली आणि दुसऱ्याला तेवढीच देऊन वर वीस मिनिटं व्हीआर. दुसरा गट सुधारला, तर श्रेय हेडसेटचं की जादा वीस मिनिटांचं? स्ट्रोकच्या रुग्णांवरचा 2017 चा कॉक्रेन आढावा इथे जरूर वाचा. 72 चाचण्या, 2,470 रुग्ण. हाताच्या हालचालींसाठी व्हीआर नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरलं नाही. त्याच्या जोडीला दिलं, म्हणजे एकूण उपचार वाढला, तेव्हा फायदा दिसला.

दुसरा मुद्दा वेदनेचा. हंटर हॉफमन यांच्या गटाने भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ वापरलं, ते जखमेच्या उपचारांपुरतं लक्ष वळवायला. बरगडी मात्र कित्येक आठवडे दुखते. त्यामुळे हेडसेट डोक्यावर असतानाचा पेन स्कोअर पुरेसा नाही. काढल्यावर तासाभराने किती? रात्री किती? शिवाय आपल्याला हेडसेट मिळालाय हे रुग्णाला कळतंच. मोजणाऱ्याला तरी कळता कामा नये.

आणि वगळलेल्यांची यादी वाचायला विसरू नका. अपघातात छातीबरोबर डोक्यालाही मार बसलेले रुग्ण पुष्कळ असतात. चक्कर, मळमळ म्हणून त्यांना बाहेर ठेवलं, तर निष्कर्ष वॉर्डातल्या नेमक्या कोणाला लागू होतो?

तुमचा आराखडा लिहाल तेव्हा दोन्ही गटांना सारखी मिनिटं द्या आणि श्वासाची क्षमता स्पायरोमीटरने मोजा. नाहीतर तुमच्या पेपरच्या भरवशावर एखादं रुग्णालय हेडसेट घेईल, आणि खरी गरज असेल आणखी एका फिजिओथेरपिस्टची.