रंगविलेले छायाचित्र आणि ‘भारतीय दृष्टी’

जूडिथ मारा गटमन यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थ्रू इंडियन आइज’ या ग्रंथात, एकोणिसाव्या शतकातील भारतीय छायाचित्रांत एक स्वतंत्र भारतीय दृष्टी प्रतीत होते, असे प्रतिपादन केले आहे. रंगविलेली छायाचित्रे हा त्या प्रतिपादनाचा एक प्रमुख आधार होय. तथापि केवळ रंग भरणे हे भारतीयत्वाचे गमक ठरू शकत नाही. १८४० नंतरच्या दशकात युरोपात दागेरोटाइपवर गोंदाच्या पुडीत मिसळलेले कोरडे रंग कुंचल्याने बसवीत असत. १८६३ मध्ये योकोहामास आलेल्या फेलिचे बेआतो याच्या चित्रशाळेत जपानी कारागीर अल्ब्युमेन कागदावर जलरंग चढवीत. मात्र हे रंग बहुतांशी पारदर्शक असत. खालची छायाप्रकाशाची घडण त्यांतून दिसत राही.

याउलट संस्थानिकांच्या व्यक्तिचित्रांत पुष्कळदा अपारदर्शक रंगाचा थर आढळतो. वस्त्रे, गालिचा व पार्श्वभूमी यांची खोली त्याखाली लोपते, आणि कॅमेऱ्याची सत्ता बहुधा चेहऱ्यापुरतीच उरते. वैशिष्ट्य शोधावयाचे ते या झाकण्यात व राखण्यात. परंतु तेही समग्र समाजाची ‘दृष्टी’ म्हणून नव्हे, तर लघुचित्रांच्या परंपरेत हात बसलेल्या चित्रकाराचा निर्णय म्हणून पाहिले पाहिजे. त्याचे नाव सहसा नोंदलेले नसते. अशा कृतीची नोंद छायाचित्र व चित्र अशी दुहेरी व्हावयास हवी. अन्यथा ज्या हातावर आपण सिद्धान्त उभारतो, तोच हात सूचीत अनुपस्थित राहील.