शमिनी फ्लिंट यांच्या बालसाहित्यातील व गुप्तहेरकथांतील विनोद : एक चिकित्सा

प्रस्तावना

विनोदी बालसाहित्य आणि गुप्तहेरकथा हे दोन्ही प्रकार समीक्षेने दीर्घकाळ केवळ रंजनाच्या कप्प्यात ठेवले. मलेशियात वाढलेल्या, केंब्रिज येथे कायद्याचे शिक्षण घेतलेल्या आणि सिंगापुरात वकिली सोडून लेखनाकडे वळलेल्या शमिनी फ्लिंट यांनी इंग्रजीतून हे दोन्ही प्रकार हाताळले आहेत. त्यांच्या विनोदाचे स्वरूप कोणते आणि मृत्यू व अन्याय यांसमोर तो कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विनोदाचे स्वरूप

'डायरी ऑफ अ सॉकर स्टार', 'डायरी ऑफ अ क्रिकेट गॉड' इत्यादी पुस्तकांचा नायक मार्कस गणितात हुशार, परंतु खेळात यथातथा आहे. वडिलांना मात्र तो प्रत्येक खेळात अव्वल हवा असतो. हसू येते ते मुलाच्या फजितीचे. पण विनोदाचा रोख त्याला चुकीच्या मापाने मोजणाऱ्या वडिलांवर असतो.

इन्स्पेक्टर सिंग हा शीख अधिकारी याच घडणीचा आहे. स्थूल देह, पगडी, पायांत पांढरे बूट, बिअर-सिगारेटची आवड आणि पत्नीची सततची बोलणी असे त्याचे रूप. शिस्तप्रिय सिंगापूर पोलीस दलाला तो नकोसा वाटतो, म्हणून वरिष्ठ त्याला परदेशी धाडतात. तेथे त्याला अधिकार नसतो. उरते ती केवळ पाहण्याची व प्रश्न विचारण्याची मोकळीक. हास्यास्पद ठरलेला हा माणूसच इतरांनी टाळलेले प्रश्न विचारू शकतो.

विनोद आणि अन्याय

'अ मोस्ट पिक्युलियर मलेशियन मर्डर' ही कादंबरी २००९ मध्ये ब्रिटनमधून प्रकाशित झाली. मुलांच्या ताब्यावरून वाद चालू असताना पती इस्लाम स्वीकारतो, जेणेकरून प्रकरण धार्मिक न्यायालयाकडे जावे. पुढे त्याचा खून होतो आणि आरोप पत्नीवर येतो. हा पेच कल्पित नव्हे. २००९ मध्येच एम. इंदिरा गांधी या मलेशियातील शिक्षिकेच्या मुलांचे धर्मांतर त्यांच्या पतीने परस्पर केले. ते अवैध असल्याचा संघीय न्यायालयाचा निकाल २९ जानेवारी २०१८ रोजी लागला. येथे लेखिकेचे कायद्याचे ज्ञान रहस्याला आशय पुरवते.

'अ बाली कॉन्स्पिरसी मोस्ट फाउल' या कादंबरीत कसोटी अधिक कठीण आहे. १२ ऑक्टोबर २००२ च्या बाली बॉम्बस्फोटांत २०२ माणसे मरण पावली. कादंबरीतील एका मृताचा खून मात्र स्फोटापूर्वीच गोळी घालून झाल्याचे उघड होते. एवढ्या मोठ्या संहारात एका खुनाचा तपास करावा तरी का? सिंग तो करतो, कारण सामूहिक मृत्यूमुळे एका माणसाचा मृत्यू क्षुल्लक ठरत नाही. गंभीर प्रसंगी विनोद नायकाच्या देहापुरता राहतो. मृतांना स्पर्श करीत नाही. हा संयम हे या लेखनाचे खरे यश होय.

मर्यादा

मालिकेच्या शीर्षकांतील 'विचित्र', 'कुतूहलजनक' अशा अर्थाची विशेषणे आशियाला दूरच्या वाचकासमोर नवलाच्या रूपात मांडतात. 'अ क्युरियस इंडियन कॅडाव्हर' (२०१२) मध्ये सिंग पत्नीच्या नात्यातील विवाहासाठी मुंबईत येतो आणि नियोजित वधू नाहीशी होते. ठरवून केलेल्या विवाहाच्या दडपणाचा प्रश्न त्यात आहे. मात्र मुंबई दिसते ती पाहुण्याच्या नजरेने. देशागणिक एक प्रकरण उलगडण्याच्या रचनेत स्थानिक जीवनाची खोली हाती लागणे कठीणच.

समारोप

ही मर्यादा मान्य करूनही असे म्हणता येईल की, फ्लिंट यांच्या दोन्ही प्रकारांतील लेखनामागे एकच नैतिक भूमिका आहे : माणसाला परक्या मापाने मोजू नये. मुलांसाठी ती भूमिका खेळाच्या मैदानावर येते, प्रौढांसाठी न्यायाच्या दारात. त्यामुळे त्यांचे बालसाहित्य व गुप्तहेरकथा यांचा अभ्यास एकत्रितपणे होणे आवश्यक आहे.