चूल, पाणी आणि बाप्तिस्मा : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या संसारावरचे मराठीतले सर्वांत थोर पुस्तक आपण पिढ्यान्‌पिढ्या वाचत आलो आहोत. पण ते ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या संसारावरचे पुस्तक आहे, असे आपण फारसे म्हणत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची गोष्ट निघाली की आपण त्यातल्या विनोदाबद्दल बोलतो, निर्मळ आणि निःसंकोच भाषेबद्दल बोलतो, एका स्त्रीच्या धीटपणाबद्दल बोलतो. हे सारे खरेच आहे. मात्र या कौतुकात पुस्तकातला धर्म हळूच बाजूला सरकवला जातो. जणू तो कथेला निमित्त म्हणून आला आहे, आणि पापडाची लाटी उचलावी तसा तो उचलून ठेवला तरी मागे आत्मचरित्र शिल्लक राहतेच. उलट, चर्चच्या वर्तुळात हेच पुस्तक ‘साक्ष’ म्हणून वाचले जाते. तिथे घर, भांडणे, रुसवेफुगवे हे सारे बाप्तिस्म्याच्या प्रसंगाकडे नेणारी पायवाट ठरते. माझे म्हणणे असे की दोन्ही वाचने पुस्तक अर्धेच वाचतात. ‘स्मृतिचित्रे’त श्रद्धा आणि संसार या दोन गोष्टी नाहीतच. जे काही घडते ते चुलीपाशी, पाण्याच्या भांड्यापाशी, दारात आलेल्या परक्या पोरापाशी घडते, आणि तेच या पुस्तकाचे धर्मशास्त्र आहे.

इतर भाषांतल्या वाचकांसाठी थोडी ओळख देतो. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) म्हणजे लोकमान्य नव्हेत. ते कवी होते. ‘अभंगांजली’तून त्यांनी ख्रिस्तभक्तीला तुकोबांच्या घराण्यातली भाषा दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत त्यांनी शिकवले, उपदेश केला, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि अखेरची काही वर्षे त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. लक्ष्मीबाईंचे (१८६८–१९३६) त्यांच्याशी बालवयातच लग्न झाले होते. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या. शाळेचे तोंडही त्यांनी पाहिले नव्हते. टिळकांच्या चरित्राला उपयोगी पडावे म्हणून मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या, आणि १९३४ पासून त्या भागाभागाने पुस्तकरूपात येऊ लागल्या. १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हा लेखन अपुरेच होते.

पुस्तकाचा आरंभ टिळकांपासून होत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो होतो लक्ष्मीबाईंच्या माहेरच्या सोवळ्यापासून. सत्तावन्नच्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. ज्या वस्तू धुतल्या तर विरघळून जातील, त्याही. हे वाचून आपण हसतो. बाई आपल्याला हसू देतातही. पण त्या हसण्याखाली एक लहान मुलगी आहे, जिला आयुष्याच्या पहिल्या दिवसापासून शिकवले गेले की देव पाण्यातून येतो आणि शिवाशिवीने निघून जातो. धर्म म्हणजे हात धुणे. पुढे याच मुलीला मिशनच्या आवारात संसार मांडायचा आहे, हे कळल्यावर आरंभीची ती पाने नुसती मौजेची राहत नाहीत. पुस्तकाचा सारा प्रश्न तिथेच मांडून झालेला असतो.

अहमदनगर हे गाव या बाबतीत नशीबवान म्हणायला हवे. तिथल्या ख्रिस्ती घरांतून आणखी एक पुस्तक निघाले, आणि ते इंग्रजीत आहे. कृपाबाई सत्यनाथन यांचा जन्म १८६२ साली नगरला झाला. वडील हरिपंत खिस्ती हे तिथल्या आरंभीच्या ब्राह्मण ख्रिस्त्यांपैकी. मद्रासला स्थायिक झालेल्या कृपाबाईंनी ‘सगुणा’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी लिहिली. ती १८८७–८८ मध्ये तिथल्या नियतकालिकातून क्रमशः आली, आणि १८९५ साली, म्हणजे टिळकांनी बाप्तिस्मा घेतला त्याच वर्षी, पुस्तकरूपात. नवऱ्याचा नवा धर्म घरात आल्यावर आईची झालेली घुसमट त्यात आहे, पण ती मुलीच्या नजरेतून. मुलगी त्या घरात ख्रिस्ती म्हणूनच जन्मली. तिच्या दृष्टीने आईचा संघर्ष हा ओलांडून आलेला उंबरठा आहे. लक्ष्मीबाई मात्र त्या उंबरठ्यावरच उभ्या आहेत. मागे वळून लिहितानाही त्या तिथून हलत नाहीत. तिसरे पुस्तक बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८). मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी ते एक. त्याचा भर वाचनावर, वादावर, शंका-समाधानावर. तिथे धर्मांतर डोक्यात घडते, ग्रंथांच्या साक्षीने. तिन्ही पुस्तके शेजारी ठेवली की दिसते ते असे: पुरुष पुस्तकातून ख्रिस्ती होतो, मुलगी जन्माने ख्रिस्ती असते, आणि बायकोला स्वयंपाकघरातून ख्रिस्ती व्हावे लागते. हा तिसरा रस्ता सर्वांत लांबचा आहे, आणि तो कुणी लिहून ठेवला असेल तर लक्ष्मीबाईंनी.

तो रस्ता कसा पार झाला हे नीट पाहिले पाहिजे. टिळकांकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नव्हते. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. मग राहुरीच्या मुक्कामात विचारांचे एक वादळ येते. माणूस जन्मतो सारखा, मरतो सारखा, मग ही जात देवाने केली की माणसाने? हा प्रश्न बाई कुणा पाद्र्याला विचारत नाहीत, स्वतःलाच विचारतात. आणि उत्तर मिळताच कुणाच्याही हातचे खायला-प्यायला तयार होतात. क्रम लक्षात घ्या. त्या क्षणी त्या ख्रिस्ती झालेल्या नाहीत. आधी जात गेली, मग ख्रिस्त आला. मिशनच्या अहवालात हा क्रम नेमका उलटा लिहिला गेला असता: प्रभूची ओळख पटली, म्हणून भेदभाव गळून पडला. लक्ष्मीबाईंना तसे लिहिणे सोपे होते. त्या ज्या समाजात म्हातारपणी लिहीत होत्या, त्याला ते आवडलेही असते. त्यांनी जसे घडले तसे ठेवले. एका ख्रिस्ती बाईच्या लेखणीतला हा प्रामाणिकपणा मला कोणत्याही प्रवचनाहून अधिक धार्मिक वाटतो.

आता भाषेकडे येतो, कारण अनेक भाषांतून वाचणाऱ्यांनी इथे थांबून पाहावे असे काही आहे. पुस्तकभर लक्ष्मीबाई नवऱ्याला ‘टिळक’ म्हणतात, आणि क्रियापद आदरार्थी बहुवचनात. टिळक रागावले, टिळक निघून गेले, टिळक विसरले. मराठीत या बहुवचनाला दोन तोंडे आहेत. त्यात बायकोने नवऱ्याला द्यायचा रीतीचा मान आहे, आणि त्याच वेळी दोन पावले मागे सरून त्याच्याकडे पाहण्याची मोकळीकही आहे. मान पुरेपूर ठेवून, क्रियापदाचे बहुवचन न मोडता, बाई नवऱ्याची फजिती सांगतात. इंग्रजीत हे बहुवचन नाहीच, त्यामुळे तिथे एकतर आदर उरतो नाहीतर थट्टा. पुस्तकाचे तीन इंग्रजी अनुवाद परिचित आहेत: जोसेफिन इंक्स्टर यांचा १९५० चा, लुई मेनेझेस यांचा २००७ चा, आणि शांता गोखले यांचा २०१७ चा. त्यांची नावेच पाहा. पहिल्याने नाव ठेवले ‘आय फॉलो आफ्टर’. त्यात पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा सूर आहे, आणि मागून चालत येणारी पत्नीही आहे. गोखल्यांनी मूळ नाव राखून खाली जोडले ‘द मेमॉयर्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ’. एका नावात अनुयायी, दुसऱ्यात बाणेदार बायको. प्रत्येक काळाने आपल्याला हवी ती लक्ष्मीबाई निवडली. मेनेझेस यांचे ‘स्केचेस फ्रॉम मेमरी’ हे साधे नाव त्यातल्या त्यात मुळाशी इमान राखते. पण लक्ष्मीबाईंच्या ‘टिळक म्हणाले’मध्ये अनुयायी आणि बाणेदार बायको एकाच क्रियापदात नांदतात, तेवढे मात्र कुठल्याच नावाला जमलेले नाही.

त्या घरात काय चाले? पाळकाचे घर म्हणजे सार्वजनिक जागा. दार बंद असे म्हणायची सोय नाही. दुष्काळात पोरकी झालेली मुले येत, शिकणारे तरुण येत, कवी येत. बालकवी ठोंबरे नगरला टिळकांच्याच घरी राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले. बालकवी हिंदूच राहिले. त्या घरात जेवायला बसण्यासाठी धर्माची अट नव्हती. तरुणांमध्ये काम करणाऱ्या धर्मोपदेशकाविषयी आज खूप बोलले जाते: शिबिरे, गाणी, कार्यक्रम. टिळकांच्या घरी कार्यक्रम एकच होता, पंगत. आणि ती वाढणारी बाई कालपर्यंत दुसऱ्याचे पाणी शिवत नव्हती. प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या छावणीत काम करायला जातात त्याही याच. ज्या हातांनी शिवाशिव पाळली त्याच हातांनी हे केले. हे सांगताना बाई कुठे आवाज चढवत नाहीत. ‘पाहा, कृपेने मला कसे बदलले’ असे एक वाक्य त्यांना सहज लिहिता आले असते. त्यांनी नुसते कामाचे वर्णन केले.

तरीही या पुस्तकापुढे एक प्रश्न ठेवल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. टिळक उदार होते. कुणाला काय देऊन येतील याचा नेम नसे. लहरी आली की निघून जात, राग आला की आवरत नसे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून, पगार सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. हे सारे वैराग्य थोर आहे. पण वैराग्याचा हिशोब घरात कोण भागवत होते? देणारा देऊन मोकळा होतो. संध्याकाळी डब्यात काय आहे हे पाहणारी वेगळी असते. लक्ष्मीबाई हा हिशोब लपवत नाहीत, पण तो नेहमी हसून सांगतात. त्यांचे हसू हे क्षमेचे रूप आहे असे आपण मानतो, आणि ते आहेही. मात्र कधी कधी ते झाकणही आहे. काही ठिकाणी मला वाटते, इथे बाईंनी थांबून एकदा तरी सरळ रागवायला हवे होते. धर्मोपदेशकाची बायको म्हणून जे सोसले त्याला त्यांनी ‘सोसणे’ हे नाव द्यायचेच नाकारले. वाचकाला हे नाकारणे श्रद्धेचे बळ वाटेल किंवा सवयीचे ओझे वाटेल. पुस्तक निवाडा करत नाही, आणि त्याबद्दल मी त्याला पुरते माफ करू शकलेलो नाही.

दुसरी उणीव म्हणजे टिळकांची प्रार्थना. ‘अभंगांजली’ लिहिणारा माणूस एकांतात देवाशी काय बोलत होता, हे या पुस्तकातून फारसे कळत नाही. त्यांच्या श्रद्धेचे आतले दालन बंदच राहते. पण हा दोष मोजताना बाईंनी आपले स्वतःचे दालनही तितकेच बंद ठेवले आहे हे विसरता येत नाही. त्यांच्यापाशी शब्द नव्हते असे नाही. टिळकांनी आरंभलेले आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनीच पुढे नेले, त्याचा मोठा भाग त्यांचा आहे. भक्ती बोलायची असेल तर ती पद्यात, येशूच्या चरित्रात. गद्यात, स्वतःच्या चरित्रात, फक्त घर. ही वाटणी त्यांनी जाणून केली असावी असे मला वाटते. स्वतःच्या श्रद्धेची वाखाणणी स्वतःच करायची नाही, हा जुन्या घरचा संकोच त्यांनी नव्या धर्मातही टिकवला.

म्हणूनच ‘स्मृतिचित्रे’ वाचताना त्यातला धर्म वेगळा काढायचा प्रयत्न करू नये, आणि घर पार करून बाप्तिस्म्याशी पोचण्याची घाईही करू नये. माहेरी सारे काही धुऊन घेणारे एक घर, आणि सासरी कुणालाही जेवू घालणारे दुसरे घर. या दोन घरांच्या मध्ये एक बाई काही वर्षे उपाशी, रडवेली, संतापलेली उभी होती. मग एके दिवशी तिने दुसऱ्याच्या हातचे पाणी घेतले. पुस्तकातला बाप्तिस्मा मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. पण मला आठवतो तो त्या आधीचा पाण्याचा घोट.