‘प्रतिसादक्षम’ कशाला म्हणावे?

लघुपेप्टाइडांवरचे शोधनिबंध वाचताना एका विशेषणाशी मी हमखास अडखळतो: ‘प्रतिसादक्षम’. अमिनो आम्लांची चिमुकली साखळी पाण्यात सोडावी, आम्लता बदलावी आणि तिचे तंतू आपसूक गुंफून जेल व्हावे, हे विलोभनीय आहेच. पण एकदाच घडणाऱ्या बदलाला प्रतिसाद म्हणायचे का?

२००३ मध्ये तेल अवीव विद्यापीठात मेतल रेखेस आणि एहुद गाझित यांनी दाखवले की, फेनिलअॅलनिनची अवघी जोडी पाण्यात पोकळ नळ्या रचते. जोडी उचललेली अल्झायमरशी निगडित बीटा-अमायलॉइडमधून. नळ्यांत चांदीचे आयन सोडून त्यांचा धातू केला, मग विकराने पेप्टाइडचा साचा पचवून टाकला. हाती उरली चांदीची सुमारे २० नॅनोमीटर जाडीची तार. तो निबंध मला आजही आवडतो. त्यात दाव्यापेक्षा कृती मोठी आहे.

पुढे या जोडीला एफमॉक गट चिकटवून जेले होऊ लागली आणि गोंधळ वाढला. रेणू तोच, तरी घट्टपणा प्रत्येक प्रयोगशाळेत निराळा. कारण विरजण लावणाऱ्या कोणालाही कळावे असे आहे. दूध तेच असले तरी ते किती कोमट होते, विरजण कसे मिसळले, यावर दही ठरते. आम्ल एकदम ओतले की मिसळण्याआधीच जागोजागी गुठळ्या धरतात. डेव्ह अॅडम्स यांच्या गटाने २००९ मध्ये ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन वापरले (तोफू करणारेही तेच वापरतात). ते पाण्यात सावकाश विघटित होते, म्हणून आम्लता सगळीकडे एकसारखी वाढते. म्हणजे जेलचे गुण केवळ रेणूचे नसतात, कृतीचेही असतात. निबंधाच्या शीर्षकात मात्र श्रेय रेणूलाच.

आरएडीए-१६ हे १६ अमिनो आम्लांचे पेप्टाइड आज एंडोस्कोपीत रक्तस्राव थांबवायला वापरतात. आम्लधर्मी द्रावण रक्ताला भिडले की जेल होते. काम एकदाच, आणि तेवढेच पुरेसे. त्याला कोणत्याही भारदस्त विशेषणाची गरज पडली नाही.

विकरांवर चालणारी पेप्टाइडे मला त्या विशेषणाच्या अधिक जवळची वाटतात. फॉस्फेटेज विकर फॉस्फेट गट कापते आणि तंतू जुळतात. काही कर्करोगपेशींभोवती हे विकर जास्त असते, म्हणून आशा आहे. पण अल्कलाइन फॉस्फेटेज निरोगी यकृतात, हाडांत, आतड्यातही असते. तिथे जेल का होऊ नये, याचे उत्तर प्रत्येक दाव्यासोबत हवे.

बिंग शू यांच्या गटाने २००६ मध्ये कायनेजने जेल विरघळवून फॉस्फेटेजने ते पुन्हा जमवले. जाणे आहे तसे येणेही आहे, म्हणून याला मी प्रतिसाद म्हणेन. तरी प्रत्येक फेरीत एटीपी खर्च होतो, एडीपी आणि फॉस्फेट साचत जातात. कितव्या फेरीपर्यंत जेल पहिल्याइतके घट्ट राहते, तो आलेख मी आता निबंध उघडल्यावर सर्वांत आधी शोधतो.