खडू, मुकुट आणि एक मृत्यू

मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात डिसेंबर २०१९ मध्ये ‘क्रॉसिंग लाइन्स’ या नावाचे प्रदर्शन भरले. कीथ हेरिंग आणि ज्याँ-मिशेल बास्किया या न्यूयॉर्कच्या दोन चित्रकारांच्या दोनशेहून अधिक कलाकृती त्यात एकत्र मांडल्या होत्या. आम्ही या दोघांची चित्रे छापील स्वरूपातच पाहिली आहेत, त्यामुळे मांडणीविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु ही जोडी काय सांगते, याचा विचार जरूर करता येतो.

दोघांचीही चित्रे प्रथमदर्शनी पोरखेळ वाटतात. ‘असे तर आमचे पोरही काढील’ हा शेरा त्यांच्याही वाट्याला आला. हा खेळ कुठे आणि कशासाठी मांडला गेला, ते पाहिले म्हणजे तो शेरा टिकत नाही.

हेरिंगचे साधन खडू. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकांवर जाहिरातीची मुदत संपली की त्या चौकटीवर काळा कागद चिकटवीत. १९८० नंतरची चार-पाच वर्षे त्या कागदांवर तो रांगणारे मूल, भुंकणारा कुत्रा, नाचणारी माणसे काढीत राहिला. पोलीस येण्याआधी चित्र पुरे व्हायला हवे, पुसून दुरुस्त करायला सवड नाही. म्हणून त्याची रेघ अखंड आणि निःशंक आहे. रोज फळ्यावर खडू चालवणाऱ्याला या हाताची किंमत चटकन कळेल.

बास्कियाचे वडील हैतीचे, आई पोर्तोरिकन वंशाची. अल डियाझ या मित्राबरोबर ‘सेमो’ या टोपणनावाने तो भिंतींवर खोचक वाक्ये लिही. पुढे कॅनव्हासवरही त्याने अक्षर सोडले नाही. शब्द लिहायचा आणि त्यावर काट मारायची, म्हणजे वाचणारा तो अधिक निरखून वाचतो, ही त्याची युक्ती. खुशखतीच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या वाचकांना अक्षर हेच चित्र असते, हे नव्याने सांगायला नको. मात्र तिथे अक्षर अदब पाळते, इथे ते बंड करते. काळ्या मुष्टियोद्ध्यांना आणि संगीतकारांना बास्किया तीन टोकांचा मुकुट चढवतो. इतिहासाने न दिलेला मान तो खेळता खेळता देऊन टाकतो.

इथवर जोडी जमते. पण १५ सप्टेंबर १९८३ च्या पहाटे मायकेल स्ट्युअर्ट या २५ वर्षांच्या काळ्या तरुणाला भुयारी स्थानकात भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पोलिसांनी पकडले. बेशुद्धावस्थेत तो इस्पितळात पोहोचला आणि १३ दिवसांनी मरण पावला. १९८५ मध्ये सहा पोलीस निर्दोष सुटले. ज्यूरीत सगळे गोरे होते. बास्कियाने हेरिंगच्या स्टुडिओच्या भिंतीवरच त्या प्रसंगाचे चित्र काढले: दोन पोलीस, उगारलेल्या लाठ्या, मधोमध एक काळी आकृती. हेरिंगने पुढे भिंतीचा तेवढा तुकडा कापून काढला, त्याला चौकट केली आणि आपल्या पलंगावर लावला.

आमच्या मते या जोडीचे मर्म या तुकड्यात आहे. हेरिंगलाही अनेकदा पकडले होते, पण तो गोरा होता आणि प्रत्येक वेळी सुटून घरी परतला. स्ट्युअर्टच्या जागी आपण असू शकलो असतो, ही धास्ती बास्कियाला होती. म्हणजे खेळ एक, पण खेळण्याची किंमत दोघांना सारखी नव्हती. दोघांना ‘मस्तीखोर मित्र’ म्हणून शेजारी टांगणे सोपे आहे. हा फरक पुसला गेला, तर मात्र ते प्रदर्शन केवळ करमणूक ठरेल.

बास्किया १९८८ मध्ये २७ व्या वर्षी गेला. हेरिंगने त्रिकोणी कॅनव्हासवर मुकुटांचा ढीग रंगवून त्याला निरोप दिला, आणि १९९० मध्ये ३१ व्या वर्षी तोही एड्सने गेला. २०१७ मध्ये बास्कियाचे एक चित्र ११ कोटी डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. बाजाराने त्याचे मोल असे केले. हेरिंगने मात्र ते भिंतीचा तुकडा उशाशी ठेवून आधीच केले होते, आणि आम्हांला तेच मोल अधिक खरे वाटते.