उशिरा आलेली माया

शीला डिलेनी ह्या इंग्रज लेखिकेचे ‘अ टेस्ट ऑफ हनी’ हे नाटक जोन लिटलवुड ह्यांनी १९५८ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आणले, तेव्हा लेखिका अवघी १९ वर्षांची होती. नायिका जो तिच्याहूनही लहान, सॅलफर्डच्या कळकट वस्तीत आईबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारी. आई हेलन पीटर नावाच्या पैसेवाल्याचा हात धरून निघून जाते. एकट्या पडलेल्या जोला एका कृष्णवर्णीय खलाशापासून दिवस राहतात; खलाशी परतत नाही. मग जेफ्री हा कलाशाळेतला विद्यार्थी तिच्याकडे राहू लागतो, रांधतो, बाळाचे कपडे शिवतो.

पोरीची फसगत आणि आईची बेपर्वाई एवढेच ह्या नाटकात पाहिले, तर त्याचे मर्म निसटते. ते आहे आईच्या परत येण्यात. पीटरने टाकलेली हेलन दिवस भरत आलेल्या मुलीकडे येते, ती घराचा ताबा घेतल्यासारखी. जेफ्रीने बाळासाठी आणलेली वेताची टोपली तिला खपत नाही, जेफ्रीही खपत नाही. बिचारा मुकाट्याने निघून जातो. मुलीला काय हवे, हे विचारण्याची हेलनला गरजच भासत नाही. आपण आई आहोत, एवढे तिला पुरते.

बाळंतपणाला लेकीने आईपाशी असावे, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की हेलनला पाहून प्रथम आपला जीव भांड्यात पडतो. लेखिका आपल्याला तिथेच पकडते. बाळ कदाचित काळे असेल हे कळताच हेलन दारू प्यायला बाहेर पडते. परत येते म्हणते. येईल की नाही, हे नाटक सांगत नाही. जो पुन्हा एकटी, आणि ज्याने तिला ऊब दिली त्याला आईनेच घालवलेले.

पीटरचे पात्र उथळ राहिले आहे, हेलनचा मोडलेला संसारही घाईने उरकला आहे. मायलेकींचे संवाद मात्र अस्सल. जोची जीभ हेलनचीच. आईला लागेल असे कसे बोलावे, हे ती आईकडूनच शिकली आहे. म्हणून हेलनचा रागही धड करता येत नाही.

दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीची ओटी भरताना आपण तिला कितीदा सल्ले देतो, आणि कितीदा तिचे ऐकून घेतो? आईमुलींनी हे नाटक एकत्र वाचावे, ते ह्याचसाठी.