'एक्लेसिया'चे भाषांतर आणि खऱ्या चर्चचा वाद

ख्रिस्ती पंथांची श्रद्धास्थाने बव्हंशी समान असता 'खरे चर्च कोणते?' ह्या प्रश्नावर त्यांच्यात इतका कडवटपणा का आला, ह्याची धर्मशास्त्रीय व राजकीय उत्तरे इतिहासग्रंथांत मिळतात. प्रस्तुत टिपणात त्या वादाच्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे. नव्या करारातील 'एक्लेसिया' ह्या ग्रीक शब्दाचे भाषांतर कसे करावे, ह्यावरून भांडणे झाली आणि उभय पक्षांनी भाषेची साक्ष काढली. ती साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हे पाहण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकाला आहे.

मूळ वाद थोडक्यात असा. ल्यूथरपंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग येथील मतपत्रकाप्रमाणे शुभवर्तमानाची शुद्ध शिकवण आणि संस्कारांचे यथाविधी आचरण ही चर्चची लक्षणे होत. रोमच्या मते प्रेषितांपासून बिशपांपर्यंत अखंड चालत आलेली परंपरा आणि पेत्राचा उत्तराधिकारी जो रोमचा बिशप, त्याच्याशी असलेले ऐक्य ह्यांवाचून चर्च पूर्ण होत नाही. एकाचा निकष शिकवणीचा, दुसऱ्याचा परंपरेचा.

ह्या वादात व्युत्पत्तीचा आधार वारंवार घेतला जातो. 'एक्लेसिया' म्हणजे 'बाहेर बोलावलेले लोक', सबब जगापासून वेगळे काढलेल्यांचा समूह तेच चर्च, असे प्रतिपादन प्रवचनांतून आजही ऐकू येते. शब्दाचे घटक तसे आहेत हे खरे. परंतु अथेन्सच्या नागरिकाला हा शब्द उच्चारताना आपण कशातून तरी बाहेर बोलावले गेलो आहोत असे वाटत नसे. त्याच्या लेखी ती नगराची सभा होती. आपल्याकडील साहित्यशास्त्रकारांनी रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून 'कुशल' हा शब्द दिला आहे. मूळचा तो दर्भ खुडून आणणारा. पण कुशल सुताराच्या हाती कोणी दर्भ शोधीत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील नाट्यगृहात जमलेल्या गोंगाट करणाऱ्या जमावालाही 'एक्लेसिया' असेच म्हटले आहे. जेम्स बार ह्यांनी १९६१ साली 'द सिमँटिक्स ऑफ बिब्लिकल लँग्वेज' ह्या ग्रंथात ह्या पद्धतीचा परखड समाचार घेतला. धातूचा अर्थ शब्दावर लादणे हा एक दोष. आणि निरनिराळ्या संदर्भांतील अर्थांची बेरीज करून ती प्रत्येक ठिकाणी वाचणे हा दुसरा. ह्या दुसऱ्या दोषाचे त्यांनी दिलेले उदाहरण 'एक्लेसिया' हेच आहे.

व्युत्पत्ती अशी बाजूला सारली तरी भाषांतरकाराची सुटका होत नाही. त्याला कोणता तरी एक शब्द लिहावाच लागतो. विल्यम टिंडल ह्याने १५२६ साली वर्म्स येथे छापलेल्या इंग्रजी नव्या करारात 'चर्च'ऐवजी 'काँग्रिगेशन', म्हणजे जमलेला समुदाय, हा शब्द घातला. ल्यूथरने जर्मनमध्ये 'गेमाइंडे' हा शब्द ह्याच हेतूने योजिला होता. टॉमस मोर ह्याने १५२९ च्या आपल्या संवादग्रंथात टिंडलचे तीन शब्द दोषास्पद ठरविले: 'प्रीस्ट', 'चर्च' आणि 'चॅरिटी' ह्यांच्या जागी आलेले. 'काँग्रिगेशन'विषयी त्याचा आक्षेप असा, की हा शब्द तुर्कांच्या जमावालाही तितकाच लागू पडतो. इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी 'चर्च' म्हणजे ख्रिस्ती जन, हा अर्थ पूर्वापार स्थिर झालेला आहे, आणि शब्दाचा अर्थ ठरतो तो त्या भाषेच्या व्यवहारावरून.

निव्वळ भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता मोरचा हा युक्तिवाद टिंडलच्या युक्तिवादापेक्षा अधिक भक्कम आहे, असे माझे मत आहे. शब्दार्थ मुळात नसून प्रयोगात असतो, हे तत्त्व मोरने नेमके ओळखले. प्रॉटेस्टंट इतिहासकारांनी ह्याचे श्रेय त्याला क्वचितच दिले. परंतु टिंडलने १५३१ च्या उत्तरात मांडलेला मुद्दाही प्रयोगाचाच आहे, हे विसरता येत नाही. लोक 'चर्च' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात दगडी इमारत किंवा धर्माधिकाऱ्यांचा वर्ग असतो, सर्व विश्वासणारे नसतात. म्हणून प्रचलित शब्द वाचकाची दिशाभूल करतो, असे तो म्हणतो. मोर ज्याला स्थिर अर्थ म्हणतो, तो टिंडलच्या मते एका वर्गाने आपल्यापुरता आखडून घेतलेला अर्थ होता. व्यवहार प्रमाण मानला, तरी कोणाचा व्यवहार, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

टिंडलने आणखी एक अडचणीची गोष्ट पुढे केली. मोरचा जिवलग मित्र इरॅस्मस ह्यानेही आपल्या लॅटिन भाषांतरात काही ठिकाणी 'काँग्रिगातिओ' हा शब्द वापरला होता. मग त्याला दोष का नाही? मोरचे उत्तर असे, की इरॅस्मसच्या मनात दुष्ट हेतू नव्हता, टिंडलच्या मनात आहे. येथे मोरने स्वतःच उभारलेले व्यासपीठ सोडले. शब्दाची योग्यता प्रयोगावरून ठरते म्हणावयाचे आणि तोच प्रयोग एकाला क्षम्य, दुसऱ्याला पाखंड मानावयाचे, हे भाषाविवेचन नव्हे. पुढे १५३५ साली मोरचा शिरच्छेद झाला; १५३६ साली टिंडलला फ्लँडर्सकडील प्रदेशात गळा आवळून मारून त्याचे प्रेत जाळण्यात आले. शब्दांच्या वादाला किती किंमत पडू शकते, ते ह्यावरून कळावे.

ह्यानंतरची घटना अधिक बोलकी आहे. पहिल्या जेम्स राजाच्या आज्ञेने १६११ साली जे भाषांतर सिद्ध झाले, त्याच्या कर्त्यांना घालून दिलेल्या नियमांपैकी तिसरा नियमच असा होता, की जुने धर्मविषयक शब्द कायम ठेवावे. 'चर्च'चे 'काँग्रिगेशन' करू नये. राजा प्रॉटेस्टंट, भाषांतरकारही प्रॉटेस्टंट. पण आता त्यांच्यापाशी बिशप होते आणि 'काँग्रिगेशन' म्हणणारे प्युरिटन बाहेर उभे होते. म्हणजे शब्दाची निवड रोमविरोधावरून ठरत नसून, निवडणारा संस्थेच्या आत आहे की बाहेर, ह्यावरून ठरत होती.

रोमच्या बाजूने विसाव्या शतकात हाच प्रश्न एका क्रियापदापाशी येऊन थांबला. १९४३ च्या परिपत्रकात बाराव्या पायस ह्यांनी ख्रिस्ताचे गूढ शरीर आणि रोमन कॅथलिक चर्च ही एकच मानली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या प्रारंभीच्या मसुद्यांत ख्रिस्ताचे चर्च हे कॅथलिक चर्च 'एस्त' म्हणजे 'आहे', असे होते. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसृत झालेल्या अंतिम पाठात 'सुब्सिस्तित इन' म्हणजे 'च्या ठायी टिकून आहे', असे झाले. एवढ्या फटीतून इतर पंथांना किती आत घ्यावयाचे, ह्यावर पुढे चार दशके लिहिले गेले. सन २००० आणि २००७ मध्ये रोमच्या श्रद्धाविषयक विभागाने खुलासे केले, की जुन्या सिद्धान्तात बदल झालेला नाही आणि प्रॉटेस्टंट समुदायांना योग्य अर्थाने 'चर्च' म्हणता येत नाही. परिषदेने जाणूनबुजून निवडलेले क्रियापद ह्या खुलाशांनी पुन्हा 'एस्त'च्या शेजारी आणून बसविले, असे म्हणणे भाग आहे.

मराठीत हा भेद कोशातच उतरला आहे. प्रॉटेस्टंट 'मंडळी' म्हणतात, कॅथलिक 'ख्रिस्तसभा'. 'मंडळी' हा टिंडलच्या पठडीतला शब्द. घरची मंडळी, जेवायला बसलेली मंडळी, इतकेच नव्हे तर जुन्या वळणाच्या गृहस्थाची बायकोही त्यात सामावते. मोरने ह्यावर काय म्हटले असते, ते सांगावयास नको. परंतु 'सभा' हा शब्द तर अथेन्सच्या अर्थाला त्याहूनही जवळचा. तो कॅथलिकांनी निःशंकपणे स्वीकारला, ख्रिस्ताचे नाव मागे जोडून. ग्रीक 'किरियाकोन' म्हणजे 'प्रभूचे', आणि त्यावरूनच 'चर्च' हा शब्द आला. 'ख्रिस्तसभे'तील स्वामित्वाचा भाव त्याच जातीचा आहे. वाच्यार्थाने पंथ ठरत नाही, ह्याला दुसरा पुरावा नको. आणखी एक व्याकरणविशेष नोंदवितो, त्यात योजना नसून योगायोग आहे: 'मंडळी'चे अनेकवचन 'मंडळ्या' असे स्पष्ट होते, पण 'ख्रिस्तसभा' हे प्रथमेत एकवचनी व अनेकवचनी सारखेच राहते.

ह्या शब्दभेदांच्या पलीकडे जाण्याचा प्रयत्न पंडिता रमाबाईंनी केला होता. १८८३ साली वाँटेज येथे अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतल्यावर दोनच वर्षांत त्यांनी सिस्टर जेराल्डिन ह्यांना कळविले, की आपण ख्रिस्ताच्या चर्चच्या सभासद आहोत, पण धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द मान्य करण्यास बांधलेल्या नाही. सभासदत्व आणि अधिकार ह्यांची ही फारकत टिंडलची होती; रमाबाईंना ती कोणत्याही पंथाच्या वतीने करावयाची नव्हती, हा फरक.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसाइपल्स असे सहा प्रवाह एकत्र आले. दक्षिण आशियातील मेथडिस्ट चर्चने मात्र ऐन वेळी माघार घेतली. बिशपांची परंपरा असलेल्या आणि नसलेल्या सेवकांना एकत्र आणताना हस्तारोपणाचा विधी करण्यात आला. तो पुनर्दीक्षा नव्हे, हे सांगितले गेले, आणि पूर्वीच्या दीक्षेत कोणाचे काय उणे होते, ह्याचा उच्चार जाणूनबुजून टाळला गेला. नव्या संघटनेच्या नावात शब्द ठेवला तो 'चर्च'. मराठी उपासनेत मात्र 'मंडळी' तशीच राहिली.